संगणकाच्या पोटातला जुना संगणक



कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यात ज्या घरांत वीस वर्षांपूर्वी संगणक आला, त्यांपैकी बऱ्याच घरांतला तो पहिला संगणक आज माळ्यावर आहे किंवा भंगारात गेला आहे. त्यावर केलेले काम मात्र सीडीवर नाहीतर जुन्या पेन ड्राइव्हवर पडून आहे. त्यात उर्दू शाळेच्या प्रश्नपत्रिका, जमातीचे हिशेब, निकाहाच्या पत्रिका असतात. कुणा बुजुर्गाने रात्री जागून टाईप केलेला घराण्याचा शजरा असतो. फाइल आहे, पण नव्या लॅपटॉपवर ती उघडत नाही. एका भगिनीने आम्हाला विचारले, "सर, अब्बांनी लिहिलेले सगळे या पेन ड्राइव्हमध्ये आहे, पण वाचायचे कसे?" या महिन्याचे सदर याच प्रश्नावर आहे.

आधी कारण समजून घेऊ. आपल्याकडे उर्दूचे बरेचसे काम 'इनपेज'मध्ये झाले. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीने १९९४ साली ते आणले. त्यातले नूरी नस्तालीक वळण मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ साली मोनोटाईप कंपनीसोबत घडवले होते. कातिबाच्या हातासारखी अक्षरे पडद्यावर आली आणि छापखान्यांनी ती उचलली. पण जुन्या इनपेजची अक्षरे साठवण्याची पद्धत त्याची स्वतःची होती. मराठीतही तसेच झाले. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फाइलींमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. तो इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला असतो. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. त्यातच आजचे चौसष्ट बिटचे विंडोज फार जुने, सोळा बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. नव्या लॅपटॉपच्या आत एका खिडकीत दुसरा संगणक चालतो. त्याचे विंडोज वेगळे, त्याची डिस्क वेगळी. ती डिस्क म्हणजे आपल्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल असते. बाहेरचा संगणक मेजबान आणि आतला मेहमान, असे आम्ही मुलांना सांगतो. मेहमानाच्या खोलीत विंडोज एक्सपी आणि जुने इनपेज ठेवले की अब्बांची फाइल जशीच्या तशी उघडते.

हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. व्हर्च्युअलबॉक्स जर्मनीच्या इनोटेक कंपनीने २००७ साली सर्वांसाठी खुले केले. पुढे ते सन आणि मग ओरॅकल कंपनीकडे गेले. त्याचा मूळ भाग मुक्त परवान्याचा आहे. दुसरे व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. ते आधी विकत घ्यावे लागे. नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे, मात्र नोंदणी करावी लागते. घरच्या कामाला व्हर्च्युअलबॉक्स पुरते. ते नेहमी कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे.

फुकट सॉफ्टवेअर घेऊन अनेकजण दोन दिवसांत कंटाळतात, कारण ते हळू चालते. त्यासाठी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा हवा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सखाली सीपीयू पाहा. तिथे व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' असले पाहिजे. नसेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते.

दुसरी, मेहमानाला गरजेपुरतेच द्या. एक्सपीला ५१२ एमबी रॅम आणि एक प्रोसेसर भरपूर झाला. जास्त दिल्याने तो धावत नाही, उलट मेजबान दमतो. डिस्क दहा जीबीची आणि 'डायनॅमिकली ॲलोकेटेड' ठेवा. म्हणजे जेवढा माल, तेवढीच जागा अडते.

तिसरी, खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसले तर विंडोजची हायपर-व्ही यंत्रणा मध्ये आली आहे आणि वेग कमी होणार, असे समजावे. एक्सपीसारख्या हलक्या मेहमानासाठी ते चालून जाते. त्यापायी विंडोजची सुरक्षा बंद करू नये.

चौथी, एक्सपी बसवल्यावर डिव्हायसेस मेनूतून 'गेस्ट ॲडिशन्स' जरूर टाका. ही पायरी बरेचजण सोडतात. त्याने पडदा नीट मोठा होतो, माऊस अडकत नाही आणि 'शेअर्ड फोल्डर' वापरता येतो. पेन ड्राइव्हवरच्या फाइली या सामाईक फोल्डरमध्ये उतरवल्या की त्या आतून दिसतात. मूळ पेन ड्राइव्हला हात लावू नये, नेहमी नकलेवरच काम करावे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, मेहमानाचे इंटरनेट बंद ठेवा. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'एनेबल नेटवर्क ॲडाप्टर'वरची खूण काढून टाका. सामाईक फोल्डर त्यानंतरही चालतो. जुन्या पेन ड्राइव्हवर जुने व्हायरस असतात, म्हणून फाइली उतरवताना मेजबानाचा अँटिव्हायरस चालू असू द्या.

सहावी, सगळे नीट बसले की 'स्नॅपशॉट' घ्या. पुढे काही बिघडले तर एका क्लिकवर त्या घडीला परत जाता येते. पण स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो. म्हणून मशीन बंद करून 'एक्स्पोर्ट अप्लायन्स'ने त्याची एक फाइल बनवा आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ती दुसऱ्या संगणकावर नेली तरी तीच खोली तिथे उघडते. आपल्याकडे कर्जत-खालापुरात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी यूपीएसशिवाय मेहमान चालवू नये. उठताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडले तर काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते.

आता परवान्याची बाब. व्हर्च्युअलबॉक्स फुकट असले तरी त्यात बसवायचे विंडोज आणि इनपेज फुकट नाही. दुकानातून वेगळी घेतलेली एक्सपीची सीडी आणि तिची की असेल तर ती कपाटातून शोधा. संगणकासोबत आलेला परवाना मात्र बहुधा त्याच यंत्रापुरता असतो. कुणाकडून फुकट उतरवलेली प्रत नियमाने चालत नाही, आणि तिच्यातून काय काय आत येईल तेही सांगता येत नाही. ज्यांच्याकडे परवाना नाही, पण जुना संगणक अजून सुरू होतो, त्यांनी त्यावरच फाइली उघडून पीडीएफ करून घ्याव्यात. तो संगणक विकण्यापूर्वी हे काम उरका.

शेवटी मुद्द्याची गोष्ट. जुनी खोली कायम राहायला नाही, सामान बाहेर काढायला हवी. फाइल उघडली की दोन कामे करा. एक, पीडीएफ काढा, म्हणजे पान जसे होते तसे राहते. दोन, मजकूर युनिकोडमध्ये आणा. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आणि अरबी लिपी त्यात आहेत. इनपेजच्या पुढच्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आली. इनपेज, श्रीलिपी यांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. खाजगी कागद मात्र अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. बदललेला मजकूर पीडीएफशेजारी ठेवून वाचा. नावे, तारखा आणि आकडे खास तपासा. शजऱ्यात एका नुक्त्याने माणूस बदलतो. हे वाचन घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून करावे. आकडे मुले तपासतील, पण कोण कुणाचे कोण, हे दादी-नानीच सांगू शकतील.

आम्ही शाळेत मुलांना हेही सांगतो की याच सॉफ्टवेअरमध्ये उबुंटू किंवा आपल्या सीडॅकने तयार केलेले बॉस लिनक्स बसवून शिकता येते. आतला संगणक बिघडला तरी घरचा लॅपटॉप शाबूत राहतो, म्हणून पालकांनी धास्ती घेऊ नये.

पण आधी जुने पेन ड्राइव्ह आणि सीडी काढा. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातला मजकूर उडू शकतो आणि कोकणच्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते. फाइल उघडण्याची पद्धत पुढच्या महिन्यात शिकलात तरी चालेल, नक्कल मात्र या आठवड्यातच काढून ठेवा. घरातल्या बुजुर्गांची ती अमानत आहे.