आवाहन कुणाचे, चेहरा कुणाचा?

महाविद्यालयाने एखाद्या कामासाठी समाजमाध्यमांवरून मदतनिधी गोळा करावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो गोळा होतो आणि यापुढेही होत राहील. आपल्या वर्तुळात मात्र या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक ज्येष्ठ प्राध्यापकांचा : हे सगळे दिखाऊ, अंगठे उंचावण्यापुरते, यातून कुणाचे काय भले होणार? दुसरा उत्साही विद्यार्थी-प्रतिनिधींचा : पोस्ट जितकी पसरेल तितकी मदत मोठी. मला दोन्ही सूर चुकीचे वाटतात. त्यातही दुसरा अधिक घातक, कारण तो कृतीत उतरतो.

पहिल्या सुराला वस्तुस्थितीनेच उत्तर दिले आहे. २०१४ साली डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याचा खेळ जगभर पसरला तेव्हा अनेक शहाण्यांनी तो हसण्यावारी नेला. पण ए.एल.एस. या असाध्य मज्जाविकारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील संस्थेकडे त्यातून आठ आठवड्यांत सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले, आणि त्या पैशाच्या बळावर झालेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या विकाराशी संबंधित एका जनुकाची ओळख पटली. २०२५ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने तोच खेळ मानसिक आरोग्याच्या कार्यासाठी नव्याने सुरू केला. आरंभीचे लक्ष्य होते पाचशे डॉलरचे. जमले चार लाखांहून अधिक. तेव्हा माध्यमच पोकळ आहे, हा आक्षेप टिकत नाही.

पण या उदाहरणांतून आपले विद्यार्थी-प्रतिनिधी जो धडा घेतात तो अर्धाच आहे. 'पसरले म्हणून जमले' एवढेच त्यांना दिसते. त्या खेळाची अट कुणावर होती, हे दिसत नाही. भिजायचे होते ते देणाऱ्याने. चारचौघांत हास्यास्पद व्हायचे तेही त्यानेच. आपल्याकडच्या आवाहनांत ही अट नेमकी उलटी होते. देणारा कोरडा राहतो आणि घेणाऱ्याला चव्हाट्यावर उभे केले जाते.

आपण साहित्याची माणसे आहोत, तेव्हा हे आवाहन एक संहिता म्हणून वाचून पाहू. निवेदन तृतीयपुरुषी. ज्याच्यासाठी पैसे मागायचे त्याला संपूर्ण मजकुरात एकही वाक्य नाही. वर त्याचा फोटो, शक्यतो घराच्या पडक्या भिंतीसमोर. खाली आयोजकांची नावे, बोधचिन्ह, प्राचार्यांच्या प्रेरणेचा उल्लेख. आणि मधोमध ते अजरामर विशेषण : 'गरीब पण हुशार'. या 'पण'कडे जरा थांबून पाहावे. गरिबी आणि हुशारी यांच्यात विरोध गृहीत धरल्याखेरीज हे अव्यय तेथे बसूच शकत नाही. शिवाय हुशार नसलेल्या गरिबाने मदत मागू नये, हेही त्यात न बोलता सांगितलेले असते. दलित आत्मकथने आपण वर्गात शिकवतो, 'दुसऱ्याच्या नजरेतून घडवलेली प्रतिमा' या विषयावर चर्चासत्रे घेतो आणि संध्याकाळी आपल्याच विभागाच्या समूहावर तीच प्रतिमा पुढे ढकलतो.

हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका मुलीच्या वडिलांना अपघात झाला. विद्यार्थ्यांनी आवाहन तयार केले आणि मजकूर माझ्याकडे तपासायला आणला. मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. 'पण' मला दिसला नाही. मजकुरावर तारीख नव्हती, हेही दिसले नाही. पंधरा दिवसांत पैसे जमले, शस्त्रक्रिया झाली, वडील हिंडूफिरू लागले. पोस्ट मात्र थांबली नाही. पुढची दोन वर्षे ती कुठून कुठून परत येत राहिली. मुलगी एम.ए.ला असताना एके दिवशी येऊन म्हणाली, "सर, तो फोटो आता काढता येईल का? घरी स्थळं येतात, त्यांच्याकडेही तो आधीच पोचलेला असतो." माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मदत संपली होती. तिचे 'गरीब' असणे आम्ही कायमचे करून ठेवले होते.

मदत मागण्याची आपली एक जुनी रीत होती आणि तिला हिशेबाचा कणा होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. तेथे आवाहन होते ते कामाचे. गणेशोत्सवाची वर्गणी काढायची तर नोंदणी नसलेल्या मंडळालाही धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी काढावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. पावतीपुस्तकाला क्रमांक असतात, स्थळप्रत असते आणि शेवटचे पान असते. ते पान संपले की मागणे थांबते. क्यूआर संकेताला शेवटचे पान नसते. ते आपणच लिहायला हवे.

सगळा दोष मुलांचा आहे, असेही नाही. मूल्यांकन समितीपुढे सामाजिक उपक्रमांचे पुरावे म्हणून स्थळाची नोंद असलेली छायाचित्रे आपणच मागतो. साड्या वाटताना, वह्या देताना, धनादेश सुपूर्द करताना हात पुढे केलेला माणूस चौकटीत यावा, याची व्यवस्था आपण करतो. मग मुलांनी तोच नमुना गिरवला तर नवल कसले?

तेव्हा माझे म्हणणे बंदीचे नाही. चार साध्या अटींचे आहे. आवाहनात घेणाऱ्याचा चेहरा नको, नावही शक्यतो नको; गरज आणि रक्कम मात्र नेमकी हवी. मजकूर आधी त्याला वाचून दाखवावा आणि 'नाही' म्हणायला त्याला खरोखर वाव असावा. निधी कधी थांबेल ती तारीख प्रतिमेवरच छापावी. आणि जेथे आवाहन टाकले तेथेच, तितक्याच मोठ्या अक्षरांत, जमाखर्च टाकावा. यामुळे पोस्ट कमी पसरेल, असे मला सांगण्यात येते. पसरू दे कमी. ज्या मदतीसाठी माणसाची अब्रू तारण ठेवावी लागते ती मदत नसून कर्ज आहे, आणि त्याचे व्याज आपण कधीच भरत नाही. ते तोच माणूस भरतो.