निकालाआधीचे फटाके

६ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे हैदराबादजवळ पोलिसांच्या गोळीबारात चार आरोपी मारले गेले. एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्या दिवशी घटनास्थळी जमलेल्या लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला, तेव्हा आपल्याकडेही फटाके वाजले आणि मिठाई वाटली गेली. या दोन्ही वेळी आनंद मानणारी माणसे गुंड-मवाली नव्हती. तुमच्या-आमच्यासारखी, मुलाबाळांत रमणारी, एरवी मुंगीलाही न दुखावणारी माणसे होती. म्हणूनच या आनंदाचा विचार करायला हवा.

हा आनंद कुठून येतो, हे समजणे अवघड नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले, त्याने सारा देश रस्त्यावर आला. खालच्या न्यायालयाने नऊ महिन्यांत निकाल दिला, तरी गुन्हेगारांना फाशी झाली ती २० मार्च २०२० रोजी. ज्या खटल्याकडे सगळ्या देशाचे डोळे लागले होते, त्याला सव्वासात वर्षे लागली. मग ज्याच्याकडे कुणाचेच लक्ष नाही, त्या तालुक्याच्या न्यायालयातल्या खटल्याचे काय होत असेल? ‘तारीख पे तारीख’ हा चित्रपटातला संवाद आपल्याकडे म्हणीसारखा वापरला जातो, तो उगीच नाही. वाट पाहून थकलेला माणूस बंदुकीच्या गोळीला निकाल समजू लागतो.

पण गोळी हा निकाल नव्हे. हैदराबादच्या घटनेची चौकशी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये खुला झाला. पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, असे त्यात म्हटले होते. मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते, असाही आयोगाचा निष्कर्ष होता. बदलापूर प्रकरणातही दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांवर ठपका ठेवला.

बदलापूरची सुरुवात आठवून पाहा. दोन चिमुकल्या मुलींच्या पालकांची तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी विलंब केला, म्हणून २० ऑगस्ट २०२४ रोजी लोकांनी रेल्वे रोखून धरली. उच्च न्यायालयानेही या विलंबाबद्दल पोलिसांना फटकारले. लोकांचा मूळ राग होता तो यंत्रणेच्या दिरंगाईवर. महिनाभरात त्याच यंत्रणेच्या गाडीत आरोपी मेला आणि आपण म्हणालो, बरे झाले! आरोपीविरुद्धचा पुरावा त्याच्यासमोर कधी तपासला गेला नाही. त्या मुली मोठ्या होतील, तेव्हा ‘हा दोषी होता’ असे सांगणारा निकाल त्यांच्या हाती नसेल. फटाके वाजवताना हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

शिक्षा कशासाठी, या प्रश्नाची उत्तरे पुस्तकात चार असतात : सूड, धाक, सुधारणा आणि भरपाई. आपल्या सार्वजनिक चर्चेत पहिल्या दोहोंचाच गजर चालतो. धाकाबद्दल इटलीतील बेकारिया या विचारवंताने १७६४ मध्ये मांडलेला मुद्दा अजून कुणी खोडून काढलेला नाही. शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री गुन्हेगाराला रोखते, असे त्याचे म्हणणे. चौकात हवालदार उभा असला की दंड किरकोळ असूनही आपण सिग्नल पाळतो. तो नसला की मोठ्या दंडाचीही पर्वा करीत नाही. हा अनुभव कुणाला नाही?

आमच्याकडे मात्र शिक्षा कुणाला चुकत नाही? २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता. यांतले कितीतरी केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत असतात. मी बँकेत आयुष्य काढले, त्यामुळे जामीनदार म्हणजे काय ते मला पक्के ठाऊक आहे. सातबारा, पगाराचा दाखला, ऐपतीचा दाखला ज्याच्याकडे आहे, त्यालाच कुणी जामीनदार म्हणते आणि अशी माणसे गरिबाच्या ओळखीत नसतात. ज्याला कर्ज मिळत नाही, त्यालाच जामीनही मिळत नाही. शिक्षा व्हायच्या आधीच तो ती भोगू लागतो.

बँकेतलीच आणखी एक गोष्ट सांगतो. एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेचा पिग्मी एजंट बाजारपेठेत रोज फिरून पैसे गोळा करी. भाजीवाल्या, चहाच्या टपरीवाले, चांभार असे त्याचे खातेदार. त्याने त्यांच्या पासबुकांत नोंदी केल्या, पैसे मात्र भरलेच नाहीत. प्रकरण उघडकीस आले, अटक झाली, जामीन झाला आणि खटला सुरू झाला. बाजारातले प्रतिष्ठित लोक म्हणत, याला चौकात फटके मारले पाहिजेत. एक म्हातारी भाजीवाली मात्र दर आठवड्याला शाखेत येई आणि एकच विचारी, “साहेब, माझ्या पैशांचं काय झालं?” एजंटला किती वर्षे होणार, हे तिने एकदाही विचारले नाही. आमच्या वरिष्ठ कार्यालयाचा कागद यायला दोन वर्षे लागली, तोवर तिने नातीचे लग्न सावकाराकडून पैसे काढून उरकले होते.

तिच्या प्रश्नाला आपल्या न्यायव्यवस्थेत फार उशिरा जागा मिळाली. पीडितांना भरपाई देण्याची योजना राज्यांनी करावी, असे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत आले ते २००९ मध्ये. महाराष्ट्राने २०१३ मध्ये अत्याचारग्रस्त स्त्रिया व बालकांसाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. पण फाशीची मागणी करणाऱ्या मोर्चात ‘मनोधैर्य’चा धनादेश वेळेवर द्या, अशी घोषणा मी तरी कधी ऐकली नाही.

सुधारणेचा मार्गही आपल्याला अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने तिथे बिनभिंतींची वसाहत उभारली आणि गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना शेतीला लावले. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट या प्रयोगावरूनच सुचला. चित्रपटाला आपण डोळे पुसत दाद दिली आणि प्रयोग मात्र अपवादच राहिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामाजिक सेवा ही शिक्षा आली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर तुरुंगाऐवजी ही शिक्षा होते. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला जामिनावर सोडण्याची तरतूदही नव्या प्रक्रिया संहितेत आहे. हे स्वागतार्ह आहे. पण मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि अल्पवयीन चालकाला काही तासांत तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा लोक का खवळले? मुलाला सुधारू द्या, हे तत्त्व त्यांना अमान्य नव्हते. ही तत्परता फक्त श्रीमंताच्या वाट्याला येते, हे त्यांना दिसत होते. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली आणि लोकांचा संशय पक्का झाला. दया असो वा दंड, तो सर्वांना एकाच मापाने मिळायला हवा.

गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जो समाज अपराध नुसता पाहत बसतो, तो पीडिताला पुन्हा एकदा दुखावतो. पण ती शिक्षा पुराव्यावर उभी असावी, वेळेत व्हावी आणि तिच्याबरोबर पीडिताच्या पदरात काहीतरी पडावे. हे कठोर कायद्यांपेक्षा खर्चाचे काम आहे. त्यासाठी न्यायाधीश, सरकारी वकील, प्रयोगशाळा आणि तपासाचे शिक्षण घेतलेले पोलीस लागतात. त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

अशी बातमी पुन्हा येईल आणि रविवारी जेवताना घरात तिची चर्चाही होईल. तेव्हा ‘याला फासावर लटकवा’ असे म्हणण्याआधी चार प्रश्न विचारून पाहावेत. तक्रार त्याच दिवशी नोंदवली का? पुरावा नीट गोळा झाला का? खटला कधी उभा राहणार? आणि जिचे नुकसान झाले, तिला आजवर काय मिळाले? मुलेही त्या वेळी ऐकत असतील. न्याय म्हणजे काय, हे ती शाळेत शिकण्याआधी आपल्याकडूनच शिकतात.