जुने गेम, जुनी विंडोज आणि थांबलेली लस

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणारा चाकरमानी पुष्कळदा घरासाठी एखादा वापरलेला संगणक घेऊन येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे संगणक स्वस्तात मिळतात. तो रत्नागिरीच्या घरात मांडला गेला की मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘यावर गेम चालतील ना?’ दुसरा लगेच येतो: आहे ती विंडोज १० ठेवायची, विंडोज ११ घालायची, की हलकी म्हणून विंडोज ७ वर जायचे?

एरवी याचे उत्तर फक्त वेगाच्या मापाने दिले जाते. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही, गेमही चालू राहिले. थांबला तो दर महिन्याला येणारा सुरक्षा अपडेट. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून त्याची लसही दरवर्षी बदलावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. लस थांबली म्हणून माणूस त्याच दिवशी आजारी पडत नाही. पण पुढच्या साथीत तो उघडा सापडतो.

वेगाचा मुद्दा खोटा नाही. विंडोज ७ कमी मेमरीत भागवते आणि २००० सालच्या आसपासचे काही गेम तिच्यावर अधिक सुरळीत चालतात. सीडीची नक्कल होऊ नये म्हणून त्या काळी गेमसोबत एक संरक्षक प्रोग्राम येत असे. त्यात सुरक्षेची फट असल्याने विंडोज १० ने तो चालवणेच बंद केले. मूळ सीडी हातात असूनही जुना गेम सुरू होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

नव्या गेमचे गणित नेमके उलटे आहे. गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला सोडचिठ्ठी दिली. २०२५ मध्ये आलेला ‘बॅटलफील्ड ६’ संगणकात ‘सिक्युअर बूट’ ही सोय सुरू असल्याशिवाय चालत नाही. ‘व्हॅलोरंट’ला विंडोज ११ वर त्याच्या जोडीला टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही लागते. विंडोज ११ ची स्वतःचीही हीच अट आहे. शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा धडधाकट ‘आय-फाइव्ह’ही दारातच अडवला जातो.

अशा वेळी ‘आमच्या गेमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे काय?’ असा सवाल केला जातो. त्याचे उत्तर रुग्णालयांनी महागात घेतले आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय संस्थांना त्याची झळ बसली. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मांडला. दुखरी बाब अशी की, ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. तो वेळेवर घातला गेला नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याच फटीचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने कोकण किनाऱ्यावरच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. या रुग्णालयांना किंवा बंदराला कोणी निवडून गाठले नव्हते. जिथे फट उघडी होती, तिथे ते शिरले.

घरच्या संगणकाची तऱ्हा वेगळी नसते. संध्याकाळी मुलगा ज्यावर गेम खेळतो, त्याच संगणकावरून वडील वीजबिल भरतात, आईचे तपासणी अहवाल आणि मुलीची प्रवेशाची कागदपत्रे त्यातच असतात. त्यात गेमची फुकटची ‘क्रॅक’ प्रत उतरवली जाते आणि सोबत सूचना येते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ आजाऱ्याच्या खोलीत शिरण्यापूर्वी मास्क काढायला सांगण्यासारखेच हे आहे. अँटिव्हायरस चालू असला तरी तो शिरलेला चोर ओळखू पाहतो, मोडलेली खिडकी बसवून देत नाही.

तेव्हा निवड करताना ‘गेम कशावर वेगाने चालेल?’ याआधी ‘या संगणकावर आणखी काय काय होते?’ हे विचारावे. संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर ती घ्यावी. फार तर थोडा वेग कमी पडेल. अटींत बसत नसेल तर विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळवता येतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवल्यास त्यांना पैसे पडत नाहीत. पण ही मुदतवाढ आहे, इलाज नव्हे. पुढे त्याच यंत्रावर लिनक्स घालण्याचा मार्ग उरतो. त्यावर आता विंडोजचे बरेच गेम चालतात. फसवणूक रोखणारे कडक प्रोग्राम असलेले व्हॅलोरंटसारखे गेम मात्र चालत नाहीत.

आणि बालपणीचे गेम? त्यांच्यासाठी जुनी विंडोज असलेला जुना संगणक जरूर ठेवावा. त्याची इंटरनेटची केबल काढावी, वायफाय बंद करावे, त्यावर बँक किंवा ईमेल उघडू नये आणि त्यातला पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावू नये. संसर्गाची भीती असलेल्या रुग्णाला कोणी घराबाहेर काढत नाही, वेगळी खोली देतात. जुन्या संगणकालाही तेवढी एक खोली पुरते.