विहीर बघून मोटर

गोल्फच्या नियमांप्रमाणे एका राउंडला बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. कमीत कमी किती, याचा नियमच नाही. हे एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझे बावीस हजार रुपये वाचले असते. असो. माझे गेले, निदान तुमचे तरी वाचावेत म्हणून आजचा हा शनिवारचा उद्योग.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. १ मे १९९९ ला परभणीतून फुटून आमचा जिल्हा झाला, म्हणजे जिल्हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा आहे. आमच्याकडे औंढा नागनाथ आहे, संत नामदेवांची नर्सी आहे, वसमतची हळद आहे, आणि २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली लायगोची वेधशाळा औंढ्याजवळ होऊ घातली आहे. दोन कृष्णविवरांची टक्कर आमच्या तालुक्यात ऐकू येईल, पण गोल्फचा चेंडू लागल्याचा आवाज यायचा नाही. कारण कोर्सच नाही. पुण्यात नोकरीला येईपर्यंत गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्ये येणारं हिरवं गवत, एवढीच माझी ओळख.

मग एका शनिवारी मॅनेजरसाहेब आम्हा चौघांना ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेले. बादलीभर चेंडू आणि भाड्याचा एक क्लब. पहिले वीस चेंडू जागचे हलले नाहीत. एकविसावा गेला. कसा गेला ते आजही सांगता येणार नाही, पण हाताला काहीच लागल्यासारखं वाटलं नाही आणि चेंडू मात्र दूर कुठेतरी हवेत होता. बस्स, तिथेच आमची विकेट पडली.

आता मूळ मुद्दा. आपल्यासारखी पोरं काय करतात? खेळ आवडला की आधी सामान घेतात. ट्रेकिंगला जायच्या आधी बूट, फोटो काढायच्या आधी लेन्स. पगार येतो, हप्ते मिळतात, आणि खरेदी केली की काहीतरी शिकल्यासारखं वाटतं. मीही २०२४ च्या दिवाळीत अठ्ठेचाळीस हजारांचा ड्रायव्हर घेतला, बारा हप्त्यांवर. नऊ अंशांचा लॉफ्ट, स्टिफ शाफ्ट. दुकानदार म्हणाला, "सर, प्रो लोक हेच वापरतात." खरं असेलही. मी प्रो नव्हतो, एवढीच काय ती अडचण.

पुढचे चार महिने माझा प्रत्येक चेंडू उजवीकडे वळत गेला. याला स्लाइस म्हणतात. दर रविवारी मी यूट्यूबवर नवा उपाय शोधायचो आणि दर शनिवारी तो फसायचा. कोड चालत नाही म्हणून एकाच वेळी सहा ओळी बदलणारा ज्युनियर असतो ना, तसं. शेवटी झक मारत एका कोचकडे गेलो. त्याने लाँच मॉनिटरवर दहा चेंडू मारायला लावले. माझ्या क्लबचा वेग निघाला ताशी ८४ मैल. पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा असतो ११० च्या वर. स्टिफ शाफ्टचा सर्वसाधारण हिशोब सुरू होतो ९५ च्या आसपास. (कंपनीगणिक फरक पडतो, 'स्टिफ'चं असं काही ठरलेलं माप नाही, हे आणखी एक.) शिवाय नऊ अंशांचा लॉफ्ट माझ्या वेगाला फार कमी. चेंडू पुरेसा उचलला जात नाही, आणि लॉफ्ट जितका कमी तितका तोच स्लाइस जास्त वळतो. म्हणजे माझ्या दुखण्यावर मी अठ्ठेचाळीस हजार खर्चून दुखणं वाढवायचं औषध आणलं होतं!

त्याच कोचने दुसरा गैरसमज काढला. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. रडारवर मोजमाप सुरू झाल्यावर कळलं की गोष्ट जवळजवळ उलटी आहे. चेंडू सुरुवातीला जिकडे निघतो ते मुख्यतः क्लबच्या तोंडामुळे, आणि वळतो ते तोंडाची दिशा आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. हे समजलं की बग शोधणं सोपं जातं. चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर वाट त्याहून डावीकडे आहे. सरळ उजवीकडे गेला, तर वाट आणि तोंड दोन्ही उजवीकडे आहेत. दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. एका बादलीला एकच बदल.

आता 'कुठले क्लब घ्यावेत' याचं माझं उत्तर, माझ्यासारख्या हौशी माणसासाठी. पाच पुरे. एक हायब्रिड, सात नंबर, नऊ नंबर, ५६ अंशांचा सँड वेज आणि एक पटर. सेकंडहँड घ्या. लोखंडाला एक्सपायरी नसते. पकड गुळगुळीत झाली असेल तर नवी बसवून घ्या. थोडक्या पैशांत क्लब नवा वाटतो, आणि जुन्या ग्रिपवर हात घट्ट आवळायची सवय लागते तीही टळते. उंच किंवा बुटके असाल तर उभं राहून मनगट जमिनीपासून किती वर आहे ते मोजून घ्या, लांबीचा अंदाज त्यावरून येतो. ड्रायव्हर सहा महिन्यांनी घ्या, आणि तेव्हाही बारा अंशांच्या आसपासचा बघा.

आयर्न घेताना पाठ पोकळ असलेलं घ्या, कॅव्हिटी बॅक म्हणतात ते. यामागे आपल्या जातकुळीचा एक माणूस आहे. कार्स्टन सोल्हाइम, जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. उशिरा गोल्फ शिकला, पटिंग जमेना म्हणून १९५९ मध्ये गॅरेजमध्ये स्वतःच पटर बनवला. वजन मधोमध ठेवण्याऐवजी त्याने ते दोन्ही टोकांना नेलं. चेंडू मध्यावर नाही लागला तरी तोंड कमी फिरतं. मोमेंट ऑफ इनर्शिया, आपण सेकंड इयरला शिकलो आणि पेपर झाल्यावर विसरलो, तेच. पुढे तीच कल्पना आयर्नमध्ये गेली आणि त्याची पिंग कंपनी मोठी झाली. गंमत म्हणजे हा शोध चांगल्या खेळाडूपेक्षा चुकणाऱ्या खेळाडूच्या जास्त कामाचा आहे. घ्यायचंच तर असं सामान घ्या, जे तुम्ही चुकणार हे गृहीत धरतं.

आणखी एक सावधगिरी. नव्या सेटचा सात नंबर जुन्यापेक्षा लांब जातो, हे ऐकून हुरळू नका. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा, आता कित्येक सेटमध्ये तो ३० च्या खाली आहे. म्हणजे जुना पाच नंबरच, वर आकडा फक्त सात कोरलेला. व्हर्जन नंबर बदलून तेच सॉफ्टवेअर विकणं आपल्याला नवीन नाही!

स्विंगबद्दल. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की चांगल्या आणि साधारण खेळाडूतला जवळजवळ दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांमुळे पडतो. 'पटिंग सुधारा, सगळं सुधारेल' हा क्लबहाउसमधला सल्ला अर्धवट आहे. पण लांबचा फटका म्हणजे ड्रायव्हर बदडणं नव्हे. आधी सात नंबर स्वच्छ लागला पाहिजे. बॅकस्विंगला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात चांगला खेळाडू खाली येतो. आपण क्रिकेटवाले वरूनच घाई करतो, जणू समोरून चेंडू येतोय. इथे चेंडू कुठे जात नाही हो, तो बिचारा थांबलेलाच असतो.

आणि रेंजवरच्या हिरव्या मॅटवर विश्वास ठेवू नका. चेंडूच्या आधी क्लब टेकला तरी मॅटवरून घसरून तो चेंडूला लागतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. जमीन असं लाड करत नाही.

मला हे कळलं ते गावाकडे. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी गेलो, तेव्हा बरोबर फक्त सात नंबर नेला होता. चेंडू नाही, कुणाला लागायचा. काळ्या रानाला भेगा पडलेल्या. बांधाजवळची जरा सपाट जागा बघून, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची एक सरळ रेघ ओढली. व्यायाम इतकाच की रेघेवर चेंडू आहे असं समजायचं, स्विंग करायचा, आणि क्लब मातीला कुठे लागला ते बघायचं. खूण रेघेच्या पुढे, म्हणजे निशाण्याच्या बाजूला पाहिजे. माझ्या पहिल्या दहा खुणा रेघेच्या मागे, वीतभर. मॅटवर चार महिने 'जमलं' वाटत होतं ते हे! तीन सकाळी हेच केलं, तेव्हा कुठे दहातल्या सहा खुणा पुढे सरकल्या. खर्च फक्कीचा. कोर्स नसलेल्या गावात स्विंग सुधारतो, हा माझा अनुभव आहे.

आबा बांधावर बसून बघत होते.

"हे बी हापिसानं दिलं का?"

मंडळी, इथे मला एक कबुली द्यायची आहे. ड्रायव्हर घेतला तेव्हा घरी सांगितलं होतं की कंपनीने दिला. कारण त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि आमचं गेलं ४,१०० ने. अठ्ठेचाळीस हजार म्हणजे पावणेबारा क्विंटल. आमच्या कोरडवाहूत दोन एकरांचं पीक. हा हिशोब मी दुकानातच केला होता, आणि तरीही कार्ड पुढे केलं होतं.

"नाही आबा. तेही नव्हतं दिलं. मीच घेतलं होतं."

"कितीला?"

"अठ्ठेचाळीस हजार. विकलं मागच्या महिन्यात. सव्वीस आले."

आबांनी तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली. "मंग बाकीचे बावीस?"

मी त्यांना ८४ मैलांची सगळी गोष्ट सांगितली. शाफ्ट, लॉफ्ट, दुकानदार. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेजारच्यानं साडेसातची मोटर बसवली होती, ठावं आहे ना? विहिरीला पाणी तीनच्या मोटरचं. दहा मिनिटांत फुटबॉल उघडा पडायचा." (फुटबॉल म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, खेळायचा नव्हे.) "दोनदा जळाली. विहीर बघून मोटर घ्यावी लागती, लेका. दुकानदार त्याच्यापाशी आहे ती दाखवणारच."

क्लब फिटिंगवर मी जे काही वाचलं, त्याचं सार हेच आहे.

पण मग उठता उठता ते म्हणाले, "पैसे तुझे हायत. हापिसानं दिलं म्हणायची काय गरज होती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर अजून नाही. परवडतं म्हणून घेतलं असतं तर लपवलं नसतं. लपवलं, याचा अर्थ घेतानाच मला माहीत होतं की हे मी खेळासाठी घेत नाहीये, त्या चौघांत शोभावं म्हणून घेतोय.

पुण्यात रेंजच्या मागे कॅडी पोरं फावल्या वेळात खेळताना दिसतात. एकाच्या हातात कुणीतरी टाकून दिलेला पाच नंबर, दुसऱ्याच्या हातात भलत्याच कंपनीचा वेज. स्विंग बघाल तर आपण बॅग उचलून घरी जावं. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता. बंगळुरूजवळच्या गावातला चिक्करंगप्पा लहानपणी कोर्सवर चेंडू गोळा करत, कॅडीचं काम करत प्रो झाला. त्यांनी आधी स्विंग कमावला, सेट नंतर आला. आपण क्रम उलटा लावतो, कारण आपल्याला तो लावता येतो.

तेव्हा माझं मत असं. पहिलं वर्षभर सामानावर जेवढा खर्च कराल त्याच्या दुप्पट शिकण्यावर करा. घेण्याआधी एकदा वेग मोजून घ्या. आणि जी वस्तू घेतल्यावर घरी खरी किंमत सांगता येणार नाही, ती दुकानातच ठेवा. हा शेवटचा नियम गोल्फच्या पुस्तकात नाही, पण माझ्यापुरता मी घालून घेतलाय.

सध्या बॅगेत पाच क्लब आहेत, एकूण किंमत सतरा हजार, आबांना माहीत आहे. स्लाइस अजून येतो, पण आता का येतो ते कळतं. उद्या सकाळी सहाला रेंज. आज लवकर झोपतो.