'आओरीता' म्हणजे नक्की किती वाजता?

स्पॅनिश शिकायला घेतलं की एक सल्ला हमखास मिळतो : "आधी शुद्ध भाषा शिक, स्लँगचं नंतर बघू." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. स्पॅनिशमधलं स्लँग काही वेगळ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं नाहीये. ते पहिल्या धड्यातल्या शब्दांतच बसलंय. आई, बाप, आत्ता, घेणे... एवढ्या सामग्रीवरसुद्धा भरपूर घोळ घालता येतो.

'आओरीता' घ्या. 'आओरा' म्हणजे आत्ता. त्याला 'ईता' जोडलं की डब्याची डबी व्हावी तसा शब्द लहान होतो. म्हणजे 'अगदी आत्ता' ना? मेक्सिकोत ते पाच मिनिटांनी असू शकतं, संध्याकाळी असू शकतं किंवा कधीच नाही. पोर्तो रिकोत तर सरळ 'थोड्या वेळाने'.

आता ग्वादालाहाराचं चित्र बघा. भारतीय आयटी कंपन्यांचीही ऑफिसं आहेत तिथे. तिथला सहकारी सकाळी नऊ वाजता म्हणतो, 'ते लो मांदो आओरीता', पाठवतोच. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ. इकडचा बिचारा जेवण सोडून इनबॉक्स रिफ्रेश करत बसतो आणि मग 'ही माणसं बेजबाबदार' असा निष्कर्ष काढतो. अहो, आपण "आलोच पाच मिनिटांत" म्हणतो ते काय घड्याळ लावून? "किती वाजता?" असं विचारलं की काम भागतं. पण त्यासाठी हा शब्द लवचिक आहे हे आधी माहीत हवं.

खरी गंमत 'माद्रे'ची, म्हणजे आईची. मेक्सिकोत 'के पाद्रे!' (शब्दशः 'काय बाप!') म्हणजे 'काय मस्त!'. आईच्या वाट्याला मात्र सगळंच. 'देस्माद्रे' म्हणजे गोंधळ. 'मे वाले माद्रे' म्हणजे मला काडीचा फरक पडत नाही. 'आ तोदा माद्रे' म्हणजे झकास. आणि 'पोका माद्रे', शब्दशः 'थोडी आई'! 'एस्ता दे पोका माद्रे' म्हणजे अफलातून आहे, आणि 'के पोका माद्रे' म्हणजे काय निर्लज्ज माणूस आहे. शब्द तेच, मागचा एक तुकडा बदलला की कौतुकाची शिवी होते. ऑक्टाव्हियो पाझ, जो १९६२ ते १९६८ भारतात मेक्सिकोचा राजदूत होता, त्याने १९५० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मेक्सिकन शिव्यांतल्या आईवर पानंच्या पानं लिहिली आहेत. आपल्याला यात फार नवल वाटायला नको. 'आयला' आपण सिक्सर बसल्यावरही म्हणतो आणि सर्व्हर पडल्यावरही.

देश बदलला की आणखी मजा. 'ग्वाग्वा' क्यूबात बस आणि चिलीत तान्हं बाळ. माद्रिदमध्ये बस 'पकडायला' जे 'कोहेर' क्रियापद बिनदिक्कत वापरतात, ते मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात बसच्या बाबतीत वापरलंत तर लोक तोंडावर हात ठेवतील. अर्थ सांगत नाही, समजून घ्या :-)

म्हणून माझं मत असं की स्लँग समजून घ्यायचं पहिल्या दिवसापासून आणि बोलायचं सगळ्यात शेवटी. आपले उत्साही वीर नेमकं उलट करतात. दोन मालिका बघून क्लायंटला 'वेइ' म्हणायला लागतात. हा शब्द 'बुएइ'वरून आला, म्हणजे चक्क बैल. मेक्सिकोतले दोस्त एकमेकांना दर वाक्याला 'वेइ' म्हणतात, 'भावा' म्हणावं तसं. पण वयाने मोठ्या, नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला म्हटलंत तर तो बैलच ऐकू येण्याची शक्यता जास्त. त्याने स्वतः तुम्हाला तसं म्हणेपर्यंत त्याच्याशी 'उस्तेद'वरच राहा. आपलं 'अहो' आहे ना, तेच.