उशाशी बसणारी माणसं हवीत

आपल्या मराठी मंडळाला कामासाठी माणसं मिळत नाहीत, ही तक्रार मी दर सर्वसाधारण सभेत ऐकते आणि ती मला पटत नाही. आदल्या रात्री जागून शाळेच्या हॉलमध्ये गणपतीचं मखर उभारणारी, दिवाळीला पंगतीमागून पंगत उठवणारी, रविवारची झोप मोडून मुलांकडून बाराखडी गिरवून घेणारी माणसं आपल्यात भरपूर आहेत. या कष्टांतला थोडा वाटा आपण हॉलबाहेर, आपापल्या गावातल्या हॉस्पिसकडे वळवावा, असं मला कळकळीने सांगायचं आहे. ज्या समाधानासाठी आपण सत्संगाला जातो, यात्रा करतो, ते मला तिथे भेटलं.

हॉस्पिस म्हटलं की आपल्याकडे अजून आवाज खाली जातो. शेवटची घटका मोजायची जागा, असाच समज आहे. खरं तर अमेरिकेत ही सेवा बहुतेकांना स्वतःच्या घरीच मिळते. आजार त्याच्या नेहमीच्या गतीने गेला तर आयुष्य सहा महिन्यांचं किंवा त्याहून कमी, असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा खर्च उचलतो. आजार हटवण्याचे उपचार थांबतात, पण वेदना, धाप, भीती आणि घरच्यांचा थकवा यांच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष दिलं जातं. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं आणि तिथून हा विचार जगभर गेला. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ साली सुरू झालं.

मेडिकेअरच्या नियमांत एक अट आहे, ती मला फार मोलाची वाटते. हॉस्पिसचे पगारी कर्मचारी रुग्णसेवेला जितके तास देतात, त्यांच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांनी द्यायलाच हवेत. पैसे मोजून मिळणारी काळजी कितीही चोख असली, तरी कुणीतरी आपणहून येऊन जवळ बसावं ही माणसाची गरज उरतेच. एका सरकारी नियमाने ती ओळखली आहे.

काम अवघड नाही, पण शिस्तीचं आहे. आधी प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, क्षयाची चाचणी. औषध द्यायचं नाही, नळ्यांना हात लावायचा नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही आणि आपला देवधर्म रुग्णाच्या गळी उतरवायचा नाही. वाचून दाखवायचं, हात हातात घ्यायचा, रात्रंदिवस राबणाऱ्या लेकीला किंवा सुनेला दोन तास घराबाहेर पडू द्यायचं. कित्येकदा नुसतं बसायचं.

आपली गरज तिथे विशेष आहे. १९६५च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडल्यावर जे तरुण इंजिनिअर आणि डॉक्टर आले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलांपाशी राहायला आलेले आईवडील तर कधीपासूनच आहेत. स्मृती विरू लागली की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी हातची जाते. मी जात असे त्या घरातल्या एका आजींची तगमग पाहून वेदनेचं औषध वाढवावं का, या विचारात नर्स होती. आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, दूध उतू चाललंय. मी म्हटलं, "आजी, गॅस बंद केलाय. साय छान आलीय." त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळल्या. त्या संध्याकाळी मला जे वाटलं, ते कुठल्याही देवळाच्या गाभाऱ्यात वाटलेलं नाही.

इथे काही जण मला अडवतात. सेवा करायला आधी मनात श्रद्धा हवी, ती आमच्यात कुठे? मला वाटतं, क्रम उलटा आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडून काढत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. देवाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांनी रोज नव्याने हातांनी मिळवला. रुग्णांच्या नातेवाइकांना शहरात पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी ओळखलं होतं. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. मी हॉस्पिसमध्ये गेले तेव्हा माझा देवावरचा विश्वास पुष्कळ सैल झाला होता. कुणाशी वाद घालून तो परत आला नाही. मरणाच्या दारातला माणूस शेजारच्याला "तू जेवलीस का?" असं विचारतो, हे पाहून तो परत आला. शरीर इतकं थकल्यावरही जे थकत नाही, त्याला मी देव म्हणते. दुसऱ्या कुणी वेगळं नाव दिलं तरी माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आनंद मिळतो म्हणून केलेली सेवा स्वार्थीच. पण आनंद मोजायला गेलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडेच राहतं, आणि रुग्णाला ते लगेच कळतं. समोरच्याच्या कोरड्या ओठांकडे लक्ष गेलं की स्वतःचा विसर पडतो. आनंद असतो तो त्या विसरात. त्याला स्वार्थ म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि फक्त मराठी उशाशीच बसावं, असं मी म्हणत नाही. ऑरेगनमधल्या युजीन गावी सँड्रा क्लार्क या नर्सने २००१ साली, जवळचं कुणी नसलेल्या रुग्णांना एकट्याने जावं लागू नये म्हणून स्वयंसेवकांची योजना सुरू केली, आणि पुढे ती अनेक रुग्णालयांनी उचलली. या देशाने आपल्याला घर दिलं. इथल्या एकाकी म्हाताऱ्याचा हात धरायला आपल्यापैकी कुणी गेलं, तर त्या घराशी आपलं नातं अधिक खरं होईल.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे. यंदाच्या गणेशोत्सवात एक टेबल गावातल्या हॉस्पिसच्या स्वयंसेवक समन्वयकाला द्या. मराठी बोलणारे कोण कधी येऊ शकतील याची यादी त्यांच्या हाती द्या. ज्यांना उशाशी बसणं झेपणार नाही, त्यांनीही नाव द्यावं, कारण कार्यालयातले फोन आणि कागदपत्रं सांभाळण्याचे तासही त्या ५ टक्क्यांत धरले जातात.