हात दहा मिनिटांत बरा झाला, म्हणून घरी बसू नका

स्टेंट, बायपास हे शब्द आता आपल्या वस्तीतही घरोघरी कळतात. पण ज्या कारणांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्याच कारणांनी मानेतल्याही होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रक्तदाब, साखर, बिडी, तंबाखू, मशेरी. शत्रू तेच.

मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांना ठोका लागतो, त्या कॅरोटिड रक्तवाहिन्या. त्या मेंदूला रक्त पुरवतात. आतल्या थरावरची गुठळी सुटून मेंदूत अडकली की लकवा होतो. कधी त्याआधी इशारा मिळतो: एका बाजूचा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोबडी वळते, एका डोळ्यापुढे पडदा येतो. थोड्या वेळात सगळे ठीक! आपण फसतो ते इथेच. 'वारं लागलं' म्हणून तेल चोळतो, नाहीतर भगताकडे जातो.

जव्हार-मोखाड्यात ही चूक जास्त महाग पडते. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय ही आपली पहिली दारे. पुढच्या तज्ज्ञांसाठी नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठावी लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅन पाहूनच देतात. त्यातला बराच वेळ घाटरस्ताच खातो. म्हणून लक्षण दिसताच 108 ला फोन करा. लक्षण गेले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता ऑपरेशनचे. मानेची डॉपलर सोनोग्राफी सुईशिवाय होते. इशारा मिळालेला असेल आणि त्याच बाजूची रक्तवाहिनी 70 टक्के किंवा जास्त अरुंद असेल, तर ती साफ करण्याचा फायदा होतो, हे 1991 साली अमेरिका-कॅनडातील अभ्यासाने दाखवले. हे ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांत व्हावे. पण एकही लक्षण नसलेल्या हृदयरुग्णाच्या मानेत अरुंदपणा सापडला, म्हणून लगेच दागिने गहाण टाकू नका. या ऑपरेशनमध्येही लकव्याचा धोका असतो आणि बायपासआधी ते प्रत्येकाला लागत नाही. बहुतेकांना रोजच्या गोळ्या आणि तंबाखू सोडणे हाच मुख्य उपचार. डॉक्टरांना निर्भयपणे विचारा: मला लक्षण होते का? अरुंदपणा किती टक्के? गोळ्यांवर भागेल का?

माझे मत स्पष्ट आहे. वसई-भिवंडीला कामाला जाताना गोळ्या घरी राहतात आणि उपचार तुटतो. गोळ्यांचा सलग पुरवठा आणि डॉपलरची सोय जव्हार-मोखाड्यातच मिळणे, हा आपला हक्क आहे. तो अर्ज करून, पाठपुरावा करून मागूया. आणि मशेरीची डबी? ती सोडायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.